बाळाचा घास, आईचा आ : मिरर न्यूरॉनचं खरं किती आणि फुगवलेलं किती?

उंबरठा | रविवार, रात्री १०:४०

माझी धाकटी बहीण तिच्या आठ महिन्यांच्या लेकीला नाचणीची पेज भरवत होती. चमचा वाटीतून निघाला की बहिणीचे ओठ विलग व्हायला लागायचे आणि चमचा पोरीच्या तोंडाशी पोचेस्तोवर हिचाच आ वासलेला. घास आत गेला की दोघींची तोंडं एकदम मिटायची. मी समोर बसून हसत होते, तर आई म्हणाली, "तिला काय हसतेस, तुझं बघ." माझंही उघडंच होतं.

हे घरोघरचं दृश्य मुद्दाम लिहिलं, कारण आज सकाळी नेमकं हेच उदाहरण एका पालक-कार्यशाळेत ऐकून आलो. बहिणीचा थोरला सहा वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. वक्त्यानं आधी आई-बाळाचा व्हिडिओ दाखवला, सगळे हसले. मग पुढच्या चित्रात तडकलेला आरसा. म्हणे प्रत्येकाच्या मेंदूत 'मिरर न्यूरॉन', म्हणजे आरशासारख्या चेतापेशी असतात, त्यांच्यामुळे आपल्याला दुसऱ्याचं मन कळतं, आणि तुमच्या मुलांच्या डोक्यातला हा आरसाच फुटका आहे. मग अर्थातच चोवीस सेशन्सचं पॅकेज, आरसा सांधून मिळेल. बहीण रिक्षात काही बोलली नाही. घरी आल्यावर थोरल्याकडे बघत बसली नुसती.

संस्थेचं नाव विचारू नका, धागा उडेल. मला एवढंच विचारायचंय : हे मिरर न्यूरॉन खरंच असतात का? असले तर ते दुसऱ्याचं मन ओळखतात का? आणि स्वमग्न मुलांमध्ये ते 'फुटके' असतात हे कुणी सिद्ध केलंय? थोडं वाचलं, पण अर्धे लेख आरती ओवाळणारे आणि अर्धे शिव्या देणारे. जाणकारांनी लिहावं.

टपरीवरचा | रविवार, रात्री १०:५२

पहिला!

बायको कार शिकत होती तेव्हा शेजारी बसून मी इतक्या वेळा ब्रेक दाबला की गाडीच्या फरशीला भोक पडायचं बाकी होतं. माझ्या बाजूला ब्रेकच नव्हता ही गोष्ट वेगळी. हेही तेच का?

बाकी आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही. चहा घेऊन बसलोय.

ध्रुवपद | रविवार, रात्री ११:१५

उत्तम विषय. मात्र पाश्चात्त्यांनी १९९० नंतर 'शोधलेली' ही गोष्ट भरतमुनींनी नाट्यशास्त्रात कधीच सांगून ठेवली आहे. नटाचा भाव प्रेक्षकात संक्रांत होतो तो रस. दुर्दैवाने आपल्याला आपल्याच गोष्टी इटलीहून आल्यावर पटतात.

शेंगदाणे | सोमवार, पहाटे २:०५

शीर्षक बघून राहवलं नाही, इथे जर्मनीत अजून रात्रीचे साडेनऊच झालेत. मी मेंदूविज्ञानात काम करतो. माकडांवर नाही, उंदरांवर. पण माझा आयडी ज्या दाण्यांवरून घेतलाय ते दाणे याच गोष्टीतले, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

इटलीतलं पार्मा. चीजसाठी प्रसिद्ध गाव. तिथल्या विद्यापीठात जाकोमो रिझोलाटी यांचा गट मकाक माकडांच्या, म्हणजे आपल्याकडच्या लालतोंड्यांच्या भाऊबंदांच्या, मेंदूत अतिशय बारीक तार घालून एकेका चेतापेशीचा आवाज ऐकत होता. जागा होती एफ-५, कपाळामागच्या भागातला एक तुकडा. तो हाताच्या आणि तोंडाच्या हालचाली आखतो. एखादी पेशी चिमटीत धरताना जागी होते, एखादी मुठीत धरताना, एखादी फाडताना. तार स्पीकरला जोडलेली, त्यामुळे माकडानं दाणा उचलला की खोलीत करकर ऐकू येते.

तर झालं असं की माकड नुसतं बसलेलं, संशोधकानं दाणा उचलायला हात घातला आणि स्पीकर करकरला. माकडाचा हात जागचा हललेला नाही. आधी वाटलं माकडानं गुपचूप काहीतरी हालचाल केली असेल. तपासलं, तसं नव्हतं. काही पेशी स्वतः उचलताना आणि दुसऱ्याला उचलताना बघूनही पेटत होत्या. (कुणीतरी आइस्क्रीम खात प्रयोगशाळेत आला आणि शोध लागला, अशी गोष्ट नेटवर फिरते. ती गोष्टच आहे. दाणे मात्र खरे.)

पहिला लेख १९९२ चा. 'नेचर'नं तो परत पाठवला होता, कारण म्हणे सर्वसाधारण वाचकाला यात रस वाटणार नाही! हे रिझोलाटींनीच पुढे सांगितलंय. १९९६ च्या मोठ्या लेखात दोन माकडांच्या ५३२ पेशी तपासल्या, त्यातल्या ९२ या जातीच्या निघाल्या. 'मिरर न्यूरॉन' हे नाव त्याच वर्षीचं.

आता ज्या गोष्टी कार्यशाळेत सांगत नाहीत त्या. नुसता दाणा दाखवला तर या पेशी गप्प. समोर दाणा नसताना माणसानं उचलल्याचं नाटक केलं तरी माकडाच्या या पेशी गप्प. आणि 'आरसा' म्हणावा इतक्या त्या काटेकोरही नाहीत. साधारण एक तृतीयांशच अशा की जी पकड करताना पेटतात अगदी तीच पकड बघताना पेटतात. बाकीच्या सैल : स्वतः चिमटीत धरताना पेटतील, आणि दुसऱ्यानं मुठीत धरलं तरी पेटतील. घरात कुणी असा आरसा लावणार नाही.

उंबरठाताई, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, असतात. दुसऱ्याचं मोठं आहे. झोपून उठून लिहितो.

टपरीवरचा | सोमवार, सकाळी ७:३०

शेंगदाणेबुवा, तुम्ही असं मध्येच सोडून झोपायला गेलात, सिरियलवाले बरे. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

तबलजी | सोमवार, सकाळी ८:४८

टपरीवरच्याच्या ब्रेकवरून आठवलं. मी चाळीस वर्षं तबला वाजवतोय. मैफिलीत तबला कानावर पडला की माझी बोटं मांडीवर चालतात. थांबवायची म्हटली तर थांबतात, पण मग ऐकण्यातली मजा जाते. नुसत्या आवाजावरून समोरच्याचा हात कुठे पडतोय, मनगट ताठ आहे की मोकळं, हेही कळतं. दिसलं पाहिजे असं नाही.

सतार मात्र तितकीच वर्षं शेजारी बसून ऐकलीय, रोज. हात हलत नाही. आवडते, कळते, चूक झाली तर लगेच टोचते. पण बोटं गप्प.

जर हा आरसा जन्मतःच लावलेला असेल तर त्यात तबला दिसतो आणि सतार का दिसत नाही?

स्वरव्यंजन | सोमवार, दुपारी १:२०

मी वाचोपचार करते, बहुतेक पेशंट पक्षाघातानंतरचे. 'समजायचं तर स्वतः करता आलं पाहिजे' हा मिरर न्यूरॉनवाल्यांचा मुद्दा भाषेलाही लावला गेला : आपण समोरच्याचं बोलणं आतल्या आत स्वतः बोलून समजून घेतो म्हणे. माझ्या खोलीत या म्हणावं.

एक काका यायचे. डाव्या मेंदूला झटका आलेला. तोंडून फक्त "हो ना… हो ना" निघायचं, तेही कष्टानं. जिभेनं साधं 'प' जमायचं नाही. पण मी म्हटलं, "काका, पंखा बंद करा," की उठून बंद करणार. टेबलावर पेन, किल्ली, रुमाल ठेवून "किल्ली द्या" म्हटलं की किल्लीच देणार. मी मुद्दाम गंमत केली की डोळ्यांत हसू. लांबलचक वाक्यात, म्हणजे 'वाघाने ज्याला पाहिलं तो माणूस' वगैरेमध्ये, गोंधळायचे. ते खरंय आणि ते लपवत नाही. पण शब्द उच्चारायची यंत्रणा जवळजवळ बंद असताना शब्द समजत होते. अमेरिकेतल्या ग्रेगरी हिकॉक यांनी २००९ मध्ये मिरर न्यूरॉनच्या सिद्धांतावर जी जाहीर झोड उठवली तिच्यात हा मुद्दा अगदी वर होता.

अवांतर : लोक आरसा-उपचार आणि मिरर न्यूरॉन यांची हमखास खिचडी करतात. कापून काढलेला हात 'दुखतो' अशा पेशंटसाठी मेंदूतज्ज्ञ रामचंद्रन यांनी (मिरर न्यूरॉनचे मोठे प्रचारकही तेच) आरशाची पेटी वापरली, त्यात चक्क दुकानातला आरसा असतो. चांगला हात आरशात बघून मेंदूला वाटतं दुसरा हलतोय. अर्धांगवायूतही वापरतात. नाव सारखं आणि माणूसही तोच, म्हणून लोकांना ते एकच वाटतं. त्या वक्त्यानं हीही खिचडी केली असेल तर आश्चर्य नाही.

उंबरठा | सोमवार, दुपारी २:०२

स्वरव्यंजन, केली होती! आरशाच्या पेटीचा फोटो दाखवून "बघा, पाश्चात्त्य देशांत यावर उपचारही चालू आहेत" असं म्हणाला.

शेंगदाणे | सोमवार, रात्री ११:३०

तबलजींनी सहज बसून नेमका तोच प्रश्न विचारलाय ज्यावर वीस वर्षं भांडण चालू आहे. तिथूनच धरतो.

आवाजाचं आधी. २००२ मध्ये पार्माच्याच गटानं माकडांना शेंग फोडल्याचा, कागद फाडल्याचा नुसता आवाज ऐकवला. काही पेशी तेवढ्यावर पेटल्या. आणि त्याआधी २००१ मध्ये पडद्याचा प्रयोग झाला : माकडाला दाखवलं की पडद्यामागे खाऊ आहे, मग माणसाचा हात पडद्याआड गेला. पकड दिसत नव्हती, तरी तपासलेल्या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास पेटल्या. पडद्यामागे काही नाही हे माकडाला आधी दाखवलं असेल तर हात तसाच गेला तरी पेटल्या नाहीत. म्हणजे डोळ्यांना दिसतं तेवढ्यावरच हे चालत नाही, हे कबूल करायला हवं.

आता तबला-सतार. लंडनमध्ये २००५ साली बॅले नर्तक, कापोएरा या ब्राझीलच्या नाचाचे नर्तक आणि नाच न येणारे अशा तीन गटांना दोन्ही नाचांच्या फिती दाखवून मेंदूचे एफएमआरआय घेतले. ज्याला जो नाच येतो तो बघताना त्याचे हालचालीचे भाग जास्त उजळले. मग शंका निघाली, की बॅलेवाले बॅले जास्त बघतात म्हणून असेल. त्यावर २००६ मध्ये झकास युक्ती काढली. बॅलेत काही हालचाली फक्त पुरुषांच्या, काही फक्त बायकांच्या. दोघं एकाच दालनात सराव करतात, एकमेकांचं रोज बघतात, पण करतात आपापलंच. फरक तरीही दिसला : स्वतः करता येणाऱ्या हालचालींना मेंदू जास्त साथ देतो. तबलजी, ही तुमची सतार.

यावर सेसिलिया हेज नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई म्हणतात की हा आरसा जन्मजात नाहीच, तो घडतो. हात हलवला आणि त्याच क्षणी हात हलताना दिसला, असं हजारो वेळा झालं की बघणं आणि करणं यांची गाठ बसते. साधा प्रयोग सांगतो. २००७ मध्ये हेज आणि कॅटमर यांच्या गटानं लोकांना उलटा सराव दिला : पडद्यावर तर्जनी हलली की तुम्ही करंगळी हलवा, करंगळी हलली की तर्जनी. सरावानंतर चुंबकीय स्पंद देऊन स्नायूंची तयारी मोजली. तर्जनी बघितली की करंगळीचा स्नायू तयार व्हायला लागला होता. थोड्याशा सरावात आरसा उलटा झाला. जी गोष्ट इतक्या पटकन उलटी शिकवता येते ती सुलटीही शिकलेलीच असणार, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. सगळ्यांना पटत नाही.

मग प्रश्न येतो, बाळ कुठे शिकतं? स्वतःचा चेहरा तर त्याला दिसत नाही. हेज म्हणतात, मोठी माणसं बाळाची नक्कल करतात ना! बाळ हसलं की आपण हसतो, त्यानं जीभ काढली की आपण काढतो. बाळाला तेव्हा आपल्या चेहऱ्यात स्वतःचं करणं दिसतं. १९७७ पासून असं मानत होते की नवजात बाळ जीभ काढून दाखवली की जीभ काढतं, म्हणजे नक्कल उपजत. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात १०६ बाळं पहिल्या नऊ आठवड्यांत चारदा तपासली आणि तशी नक्कल आढळली नाही. जुन्या मंडळींनी अर्थातच त्यावर हरकत घेतलीय, वाद मिटलेला नाही.

शेंगदाणे | सोमवार, रात्री ११:५२

(प्रतिसाद फार लांबला म्हणून वेगळा.)

टपरीशेठ, तुमचा ब्रेक. आवडलं उदाहरण, पण त्यात भेसळ आहे. बायकोचा पाय तुम्हाला दिसतच नव्हता. तुम्हाला समोरचा टेम्पो दिसत होता आणि तुमचा स्वतःचा पाय तुमच्या स्वतःच्या सवयीनं ब्रेककडे गेला. तो आरसा नाही, ती घाबरगुंडी.

टपरीवरचा | मंगळवार, सकाळी ७:१०

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते हे सांगायला जर्मनीत जायची गरज नव्हती.

अडगळ | मंगळवार, सकाळी १०:२५

ध्रुवपद यांच्या प्रतिसादावर.

नाट्यशास्त्राचा अभिमान मलाही आहे, म्हणूनच ते नीट वाचावं असं वाटतं. 'नटाचा भाव प्रेक्षकात संक्रांत होतो' असं भरताचं रससूत्र म्हणत नाही. त्या एका सूत्रावर पुढे शतकानुशतकं जे रण माजलं त्यातला एक पक्ष शंकुकाचा. तो म्हणे, नट रामाच्या भावाचं अनुकरण करतो आणि प्रेक्षक त्यावरून भावाचं अनुमान करतो. चित्रातला घोडा बघून आपण 'घोडा' म्हणतो तसं. अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी हे अनुकरणाचं मत खोडून काढलं आणि अभिनवगुप्तानं ते खंडन सविस्तर नोंदवलं. अनुकरण कशाचं? रामाचं दुःख कुणी पाहिलंय, की त्याची नक्कल करता यावी?

आणि करुण रसाचं काय? नटाचं दुःख जसंच्या तसं आपल्यात उमटलं असतं तर कुणी तिकीट काढून शोक करायला गेलं नसतं. भट्टनायकानं साधारणीकरण आणलं ते याचसाठी : तिथलं दुःख ना रामाचं राहतं, ना नटाचं, ना माझं. शिवाय रसाला 'सहृदय' लागतो, म्हणजे काव्याच्या सरावानं ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झालाय असा. (हो, आरशाची उपमा अभिनवगुप्तानंही वापरलीय. पण त्याचा आरसा घासूनपुसून तयार करावा लागतो.)

तेव्हा आपल्याकडे मिरर न्यूरॉन होते असं म्हणण्यापेक्षा, नक्कल म्हणजे समजणं नव्हे हा वाद आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी झाला, असं म्हणा. ते जास्त खरं आहे आणि अभिमानालाही पुरेसं आहे.

ध्रुवपद | मंगळवार, सकाळी ११:४०

शंकुकाचा मुद्दा मान्य. घाईत लिहिलं.

बाराखडी | मंगळवार, दुपारी १२:१५

या संस्थळावर कुणी 'मान्य' म्हटल्याची ही पहिलीच वेळ असावी. धागा वाचनखूण म्हणून साठवला.

सासुरवाशीण | मंगळवार, दुपारी ३:३३

मी विज्ञानातली नाही, पण तो शेंग फोडल्याच्या आवाजाचा प्रयोग वाचून आमच्या स्वयंपाकघराची आठवण आली.

मी हॉलमध्ये बसलेय आणि आतून पातेलं ओट्यावर ठेवल्याचा आवाज येतो. ठेवलं की आपटलं, हे न बघता कळतं. हातानं जोर किती लावला तेही कळतं, कारण मीही आपटलेली आहेत. इथपर्यंत तुमचे न्यूरॉन. पण ते माझ्यावर आपटलं, नवऱ्यावर आपटलं, की कामवाली आली नाही म्हणून आपटलं? ते कळायला काल रात्री जेवताना कोण काय बोललं ते आठवावं लागतं, आज सकाळी कुणाचा फोन आला होता ते माहीत असावं लागतं. आणि एवढं करूनही कधी कधी कळतं की पातेलं नुसतं हातातून निसटलं होतं. तोवर माझं तोंड फुगलेलं.

शेंगदाणे | मंगळवार, रात्री १०:०८

सासुरवाशीणताई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या विद्यार्थ्यांना शिकवताना वापरणार आहे. उंबरठाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

पार्माचे लोक म्हणतील की आमच्या पेशी हेतूपर्यंत पोचतात. २००५ मध्ये त्यांनी दाखवलं की माकड खाण्यासाठी उचलतं तेव्हा काही पेशी जास्त पेटतात आणि डब्यात टाकण्यासाठी उचलतं तेव्हा वेगळ्या, आणि माणसाला तेच करताना बघूनही तसंच. ठीक. पण 'खाणार की ठेवणार' हा पुढच्या अर्ध्या सेकंदाचा हेतू झाला. 'माझ्यावर राग आहे का' हा वेगळाच मजला. त्यासाठी समोरच्याला काय माहीत आहे, काय नाही, तो चुकीचं काय धरून बसलाय, हे लक्षात घ्यावं लागतं. मुलांमधलं हे कौशल्य तपासायची प्रसिद्ध गोष्ट १९८५ ची : सॅली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, अ‍ॅन ती खोक्यात हलवते, सॅली परत आल्यावर कुठे शोधेल? इथे बघून नक्कल करण्यासारखी हालचालच नाही. असा विचार करताना मेंदूतली जी जागा ठळकपणे उजळते ती कानाच्या वर, मागच्या बाजूला. रेबेका सॅक्स आणि नॅन्सी कॅनविशर यांनी २००३ मध्ये तिच्यावर बोट ठेवलं. मिरर न्यूरॉनच्या नेहमीच्या जागांमध्ये ती नाही.

आणि कुत्रा! पार्मावाल्यांच्याच २००४ च्या प्रयोगात लोकांना माणूस, माकड आणि कुत्रा चावा घेताना दाखवले, तेव्हा 'आरशाचे' भाग उजळले. कुत्रा भुंकताना दाखवला (आवाज बंद करून), तर उजळले नाहीत. आपल्याला भुंकता येत नाही ना. पण कुत्रा भुंकतोय हे कुणाला कळलं नाही असं झालं का?

नांगरट | मंगळवार, रात्री १०:३१

थोडक्यात काय, सगळी थापेबाजी. पैसे आणि प्रसिद्धी. असंच असतं यांचं.

शेंगदाणे | मंगळवार, रात्री ११:०२

नाही हो. एका टोकावरून दुसऱ्या टोकाला उडी कशाला?

पेशी खऱ्या आहेत. माणसात थेट तार घालून बघता येत नाही, पण अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी काही रुग्णांच्या मेंदूत तारा ठेवतातच. अशा २१ जणांच्या ११७७ पेशी ऐकल्या, २०१० चा अभ्यास. करताना आणि बघताना दोन्ही वेळा पेटणाऱ्या सापडल्या. तारा कुठे घालायच्या हे आजारावर ठरलेलं होतं, म्हणून पार्माची ती जागा त्यात नव्हतीच. सापडल्या त्या भलतीकडे, स्मृतीच्या भागातसुद्धा. पाणथळीतल्या एका चिमणीच्या मेंदूत स्वतःचं गाणं गाताना आणि तसंच गाणं ऐकताना पेटणाऱ्या पेशी २००८ मध्ये मिळाल्या. माझ्या उंदरांच्या भाऊबंदांमध्ये, म्हणजे मोठ्या उंदरांमध्ये, २०१९ साली ख्रिश्चन कायझर्स आणि वालेरिया गझोला यांच्या गटाला स्वतःच्या वेदनेला आणि दुसऱ्या उंदराच्या वेदनेला सारखं उत्तर देणाऱ्या पेशी सापडल्या. मेंदूचा तो भाग तात्पुरता बंद केला तर दुसऱ्याचा त्रास बघून थिजण्याचं प्रमाण कमी झालं. हे माझ्या मते एफ-५ पेक्षाही महत्त्वाचं काम आहे.

थापेबाजी पेशींमध्ये नाही, त्यांच्या डोक्यावर जे ओझं ठेवलं त्यात आहे. २००० साली रामचंद्रन यांनी लिहिलं की जीवशास्त्रात डीएनएनं जे केलं ते मानसशास्त्रात मिरर न्यूरॉन करतील. २००९ मध्ये मैसूरच्या भाषणात या पेशींना 'गांधी न्यूरॉन' म्हटलं. माणूस अफाट बुद्धीचा, बोलतोही असा की ऐकत राहावं. पण त्यानंतर भाषा, संस्कृती, करुणा, क्रिकेट बघणं, जांभई, सगळं एकाच खुंटीला टांगलं गेलं.

उंबरठा | बुधवार, सकाळी ९:१५

आणि फुटका आरसा?

शेंगदाणे | बुधवार, दुपारी १२:४०

तो याच काळातला. २००५ मध्ये ओबरमन, रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या नोंदीवर, एक लहर मोजली. आपण हात हलवतो किंवा हलताना बघतो तेव्हा ती मंदावते. १० स्वमग्न व्यक्तींमध्ये स्वतः हलवताना मंदावली, बघताना नाही. १० म्हणजे दहा, दहा हजार नव्हेत. शिवाय ती लहर आणि लक्ष इकडेतिकडे गेलं की बदलणारी दुसरी लहर एकमेकींत मिसळतात. २००६ मध्ये मोठ्या विज्ञान-मासिकात 'फुटके आरसे' या नावाने लेख आला आणि नाव चिकटलं. लक्षात राहणारं नाव होतं, हीच पंचाईत.

पुढे बऱ्याच जणांनी तपासलं. काहींना फरक दिसला, बऱ्याच जणांना नाही. लंडनच्या अँटोनिया हॅमिल्टन यांनी २०१३ मध्ये सगळा पुरावा एकत्र मांडला आणि सिद्धांताला आधार फारसा नाही असं लिहिलं. दुसऱ्याच्या हाताचा हेतू ओळखणं, सांगितल्यावर नक्कल करणं, हे स्वमग्न मुलांना बरंच नीट जमतं. तुमच्या वक्त्यानं दाखवलेलं चित्र जवळजवळ वीस वर्षं जुनं आहे.

आणि पॅकेज. एखाद्या मुलाचे मिरर न्यूरॉन मोजणारी कुठलीही तपासणी दवाखान्यात होत नाही. जे मोजता येत नाही ते चोवीस सेशनांनंतर सुधारलं हे तो कशावरून सांगणार?

कोपरा | गुरुवार, रात्री १:१८

हा धागा तीन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो.

मी ३४ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, निदान तिशीत झालं. शाळेत "याला दुसऱ्याचं काही पडलेलं नाही" हे माझ्या तोंडावर बोललं गेलंय. खरं असं होतं की वर्गात कुणी रडायला लागलं की मला इतकं व्हायचं की मी बाकाखालच्या फरशीच्या रेघा मोजायला लागायचो. बघणाऱ्याला दिसायचं की हा फरशी मोजतोय.

मला जे कळत नाही ते वेगळं आहे. "बघू, करू कधीतरी" म्हणजे नाही, हे मला सव्विसाव्या वर्षी एका सहकाऱ्यानं सांगितलं. तोवर मी लोकांना तारीख विचारायचो. पण आमच्या गटात, सगळे माझ्यासारखेच, असा घोळ होत नाही. नाही म्हणजे नाही म्हणतात. तुमच्यातलं कुणी तिथे आलं तर तेच बावरतं, कुणाला राग आलाय हे त्याला ओळखता येत नाही.

डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले संशोधक. त्यांनी २०१२ मध्ये हेच मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. २०२० चा एडिंबरोतला एक अभ्यास तर चक्क कानगोष्टींचा खेळ आहे. आठ-आठ जणांच्या रांगा, पहिल्याला गोष्ट सांगायची, त्यानं दुसऱ्याला. सगळे स्वमग्न असलेल्या रांगेत गोष्ट तितकीच टिकली जितकी एकही स्वमग्न नसलेल्या रांगेत. मिश्र रांगेत जास्त गळली. फुटका आरसा कुणाचा मग?

उंबरठाताई, तुमच्या भाच्याला जे काय शिकवायचं ते शिकवा. बोलायला शिकवा, रस्ता ओलांडायला शिकवा. पण त्याच्यासमोर ते तडकलेल्या आरशाचं चित्र नको. मुलं ऐकत असतात.

उंबरठा | गुरुवार, सकाळी ६:५५

कोपरा, तुझा प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला. ती तुला लिहील व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून), चालेल ना?

कोपरा | गुरुवार, सकाळी ७:२०

चालेल. फक्त "कधीतरी बोलू" असं लिहू नका म्हणावं.

उंबरठा | शनिवार, रात्री ९:३०

धागा वर काढतेय, पण नुसता आभार मानायला नाही.

पॅकेज घेतलं नाही. नोंदणीचे पैसे परत मागितलेत, "बघू" असं उत्तर आलंय. कोपराकडून शिकल्यामुळे तारीख विचारली.

दुसरं. शेंगदाणेंनी लिहिलं होतं ना, मोठी माणसं बाळाची नक्कल करतात म्हणून. ते डोक्यातून जाईना. आज भरवताना फोन खिडकीत टेकवून ठेवला आणि संध्याकाळी आम्ही दोघींनी तो व्हिडिओ हळू गतीनं लावून बघितला. मला ठाम वाटत होतं की बहीण आ करते आणि ते बघून पोरगी आ करते. सोळा घासांपैकी दोन घास मांडीवर गेले ते सोडा. उरलेल्या चौदांपैकी अकरा वेळा आधी पोरीचं तोंड उघडतंय, चमचा बघून. बहिणीचं मागून.

थोरला आमच्या मागे येऊन उभा होता, आम्हाला पत्ताच नाही. म्हणाला, "परत लाव." परत लावला. अकरा नाही, बारा आहेत म्हणाला. परत मोजले. बाराच होते.